आरेतली आसूढाळ घोडी

फुकट घोडी मिळतेय म्हटल्यावर मला आधी संशयच आला. मुंबईत कुणी फुकट सल्ल्याशिवाय काही देत नाही, आणि आरेतला हा माणूस अख्खी घोडी द्यायला निघालाय! पण आमची म्हातारी घोडी गेली होती आणि जत्रेतला देवाच्या घोड्याचा मान आमच्या दारातून शेजारच्या वाडीला जायची वेळ आली होती. म्हणून निघाले. सोबत दीर बबनभाऊजी आणि त्यांचा टेंपो. माळशेज उतरून, कल्याण मागे टाकून मुलुंडला पोचेपर्यंत मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, "मी नाही म्हटलं की गाडी वळवायची. भिडेखातर गप्प बसायचं नाही."

पवईनंतर रस्ता आरे कॉलनीत शिरला आणि एकदम झाडीच लागली. गुरांचे तबेले, शेणाचा वास, बिबट्यापासून सावध राहा म्हणून पाटी. "ही मुंबईच ना हो, भाऊजी?" मी विचारलं. त्यांनी हनुवटीनेच वर दाखवलं. झाडांच्या वरून उंच इमारती डोकावत होत्या.

घोडीचे मालक दत्तारामकाका मूळचे मालवणकडचे. पाड्याच्या कडेला पत्र्याच्या घरात एकटेच राहत होते. आयुष्यभर त्यांनी अंधेरी-बोरिवलीच्या लग्नांत वरातीला घोडी दिली. आम्ही उतरतोय तोच म्हणाले, "आधी खावन घेवा, मगे बघा घोडी." स्वतःच्या हातचे घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार डोसे) आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. झकास होतं, नाही कसं म्हणू? पण जनावरात खोट असली की पाहुणचार वाढतो, हा आमच्या बाजारातला अनुभव. प्रत्येक घासाला माझा संशय वाढत गेला.

घोडी तांबूस, चारही पाय पांढरे. तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून जाळी, डोळे झाकलेले. मी लांबूनच आवाज दिला, डाव्या खांद्याकडून गेले, मानेवर हात ठेवला आणि मग एकेक पाय उचलून पाहिला. खूर साफ, वास नाही. ओठ वर केला, हिरड्या गुलाबी. इतकं चांगलं जनावर फुकट? छे! तेवढ्यात भाऊजी उजव्या अंगाने, तेही मागून, न बोलता गेले. घोडी बिचकून वळली आणि त्यांच्या चपलेवर खूर पडला. "आई गं!"

"साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, एवढंही कळत नाही?" मी म्हटलं. नशीब, बोटं शाबूत होती. पण ती उजवीकडूनच का बिचकली? माझं लक्ष त्या जाळीवर खिळलं.

"काका, जाळी काढा."

"माशी येतत."

"माश्या आमच्या गावालाही आहेत. काढा."

काकांनी तोंड फिरवलं. शेवटी मीच काढली. उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा, आणि त्यावरून पाण्याची चिकट धार. डोळा सुजलेला, कडांना पू. आसूढाळ! (डोळ्याखालचा भोवरा. असली घोडी घराला रडवते, असं आमच्याकडे मानतात.)

"हे लपवलंत होय?" माझा आवाज चढला.

"सगळे सांगत होते, ही ठेव नको. मी ऐकलंय नाय," काका म्हणाले. "मगे बायको आजारी पडली. गेली. तेव्हापासून हिच्या तोंडाकडे बघवत नाय."

काळजात चर्र झालं, पण पाय मागेच सरले. भाऊजींना म्हटलं, "गाडी वळवा."

गाडी वळली असती, पण तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गावच्या डॉक्टरांच्या ओळखीने त्यांना मीच बोलावलं होतं. मुंबईकराच्या शब्दावर जनावर नेणार होते थोडीच! मी भोवरा दाखवला तशा त्या उखडल्या. "केस वळलेत, बाकी काय? डोळा बघा ना, काय वाट लागलीये!"

घोडी शांत राहावी म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि डोळ्यात रंगीत थेंब टाकला. तो रंग नाकपुडीत उतरायला हवा होता. उतरला नाही.

"डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी बंद आहे. ती जन्मापासूनच बारीक असणार."

"मग इतकी वर्षं डोळा चांगला कसा राहिला?" मी विचारलं. माझा संशय अजून जात नव्हता.

"कुणीतरी रोज साफ करत असणार. कोण करायचं, काका?"

काकांनी पहिल्यांदाच घोडीच्या डोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बायको. रोज सकाळी कोमट पाणी आणि मऊ फडको. माका वाटला, लाड करता."

"आणि त्या गेल्यावर?"

"मी जाळी घातलंय." काका तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडायला लागले. मलाही रडू आवरेना.

डॉक्टरीणबाईंनी बारीक नळीने पाणी सोडून वाट मोकळी केली. घाण भळाभळा बाहेर आली. डोळा वाचेल, पण औषध आणि सफाई रोज हवी, म्हणाल्या. मी पदर खोचला. "मी करीन. भाऊजी, टेंपोचा फाळका पाडा."

काकांनी दोर घट्ट धरला. "मी आता देवचंय नाय."

"अहो, घाट उतरून आलोय आम्ही!" भाऊजी तापले. मीही तापले, खोटं कशाला बोलू?

"शिव्या घालूच्या तर घाला," काका म्हणाले. "तिचा एक काम रवलाहा. ता माका करूक होया." (बायकोचं एक काम राहिलंय. ते मला करायला हवं.)

मी खोचलेला पदर सोडला. निघताना काका घोडीच्या तोंडाशी उभे होते. जाळी मातीत पडली होती आणि ती कुणी उचलली नाही.

रिकामा टेंपो घाटभर खडखडत वर चढला. यंदा मान शेजारच्या वाडीला गेला. वाईट वाटलं, फार वाटलं. गावात विचारतात, "खोट होती ना घोडीत?" नव्हती, म्हणून सांगते. काकांच्या बायकोला मी कधी पाहिलं नाही. पण तिच्या मरणाचं खापर लोकांनी ज्या मुक्या जनावरावर फोडलं, तिच्या जाण्याने सगळ्यात जास्त उघडं पडलं होतं तेच. आणि मीही तेच खापर फोडून गाडी वळवायला निघाले होते.