मागच्या खोलीतली तांबडी बिअर

…तर कुलूप तोडून नत्थू मागच्या खोलीत शिरला, इथवर काल सांगून झालं. आत धान नाही, बियाणं नाही. नुसता एक पांढरा ड्रम, ओल्या पोत्यांत गुंडाळलेला. झाकणावरची नळी पाण्याच्या बाटलीत बुडबुडत होती. नत्थू धाकट्यावर गरजला, "चंद्या, घरात दारू गाळतं काय बे? पोलीस पाटलाले सांगू?"

"दारू नाई, दादा. बिअर हाय. अमेरिकन अंबर एल."

"अमेरिका गेली खड्ड्यात! माहे धानाचे पोते भाईर ओले होऊन राहिले."

आमच्या आसगावचे हे सख्खे भाऊ. लहानपणी एका बोरासाठी एकमेकांचे दात पाडले होते. दात मातीतून मीच शोधून दिले! मोठे झाले, अंगणात भिंत घातली. मागची मातीची खोली तेवढी वाटायची राहिली.

चंद्रकुमार पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात टाक्या धुवायचा. धुता धुता शिकला. हॉटेल बंद पडलं तसा गावी आला. अड्याळच्या राईस मिलमध्ये हमाली करायची, उरल्या वेळात हा उद्योग. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या कडू फुलांसोबत उकळायचं, निवलं की आंबवायला खमीर घालायचं. रंग कसा, तर घासलेल्या तांब्याच्या गुंडासारखा, घागरीसारखा! माणसाला तेवढीच हौस, आणि घरात थंड जागा तेवढी ती खोली.

मला पंच केलं. ठरलं असं, की बिअर जमली तर खोली चंद्रकुमारची, नासली तर नत्थूच्या धानाची. नत्थूने बायकोलाही बजावलं, "रुखमे, त्या ड्रमाले हात लावला तं माहेरी पोचवून देईन."

आता रुखमाच्या माहेरी दारूसाठी मोहफुलं सडवायचे. थंडीत माठाभोवती तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचून ऊब द्यायचे. इथे तर पौषाचा गारठा आणि वर ओली पोती! चंद्रकुमार मिलवर मुक्कामाला असताना तिला दिराची कीव आली. पोती काढून तिने ड्रमाभोवती धानाचं तणस गच्च दाबलं, वर आपली गोधडी घातली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

पण या बिअरला गारवा लागतो. उबेत खमीर पिसाळतं. चंद्रकुमार परतला तर ड्रम तापलेला. गोधडी त्याने ओळखली. घडी करून गुपचूप भिंतीपलीकडे ठेवली, तणस तसंच राहू दिलं.

चाखायच्या दिवशी नत्थूने एक घोट घेतला आणि भिंतीवर पचकन थुंकला. "थू! बिअर हाय का थिनर? काढ तुहं सामान!"

मीही चाखली. थिनरच! पण पंचाचं डोकं चाललं. म्हटलं, "थांब नत्थू. हा ओली पोती बांधायचा, मग हे तणस कुठून आलं? दुसऱ्या कोणी टाकलं असेल तर पैज रद्द."

"माह्यावर आळ घेतं काय, बाबाजी? कोनं टाकलं? सांग बे चंद्या, कोनं टाकलं?"

रुखमाचा चेहरा पांढरा पडला. ती तोंड उघडणार, तोच चंद्रकुमार भावाच्या अंगावर धावल्यासारखा पुढे झाला:

"म्याच टाकलं, दादा. अक्कल नाई मले. घे तुही खोली, अन् आता तोंड बंद कर."