टाकीच्या उंचीचं मतदान

समजा, तुमच्या हातात सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे. दहा हजार लिटरची, म्हणजे दहा घनमीटरची गोल टाकी करायचीय. त्रिज्या १.१ मीटर. उंची किती? दाबा: दहा, भागिले, पाय, कंसात १.१, कंस बंद, वर्ग. आता बरोबरचं बटण दाबा आणि देवाचं नाव घ्या. कारण उत्तर काय येईल, हे तुमच्या हाती कुठलं मॉडेल पडलंय त्यावर आहे.

पूर्णिमा शितोळेचं यंत्र म्हणालं, २.६३. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या ड्राफ्ट्समनचं, दत्ताजीरावांचं म्हणालं, ३.८५.

साल २००१, छाणीतलं टाक्यांचं वर्कशॉप, आणि पूर्णिमाच्या सहा महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा आठवडा. डिप्लोमा होऊनही दोन वर्षं टायपिंग केल्यावर तिला ड्रॉइंगचं टेबल मिळालं होतं. आकडा चुकला की पुन्हा टायपिंग.

"पोरी, चार वर्षं याच यंत्रावर टाक्या काढतोय मी," दत्ताजीराव म्हणाले.

"पण काका, बटणं दोघांनी तीच दाबली ना!"

"मग तुझं बोट चुकलं."

भांडण ऐकून गुजराती शेठ आले. "एमां शुं? त्यात काय एवढं! स्टोअरमधलं पण आणा. मतदान करून टाकू."

स्टोअरच्या यंत्रानं ३.८५ला मत दिलं. पूर्णिमा पडली. पत्रा कापायची चिठ्ठीही निघाली. तिनं ती हिसकावली आणि पाठीमागे पेनानं उलटा गुणाकार मांडला.

"शेठ, ३.८५ उंचीत साडेचौदा हजार लिटर मावतात."

"सारुं! चांगलंच की, गिऱ्हाईक खूश."

"पण पत्रा तुमचा."

शेठनी चिठ्ठी फाडली आणि तिला तिथल्या तिथे कायम केलं.

खरी गंमत तिला जेवणाच्या सुट्टीत कळली. तिचं यंत्र पाय आणि वर्ग एकत्र धरून भागत होतं. काकांचं आधी पायनं भागायचं, मग वर्गानं गुणायचं. सगळ्या भाजकाला कंस दोघांनीही घातला नव्हता. म्हणजे ती हुशार नव्हती, यंत्र घेताना दुकानात नशीबवान ठरली होती. हे अर्थातच तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण डबा काही संपेना. त्रिज्या मीटरहून जास्त असली तर काकांची टाकी मोठी निघणार, आणि जादा पाण्याची तक्रार कोण करतो? त्रिज्या कमी असली तर मात्र टाकी बुटकी. समा भागात तिच्या मावशीच्या सोसायटीत गच्चीवरच्या बुटक्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सातलाच संपायचं, आणि शिव्या खायचा चेअरमन.

तिनं डबा बंद केला.

"काका, समाच्या सोसायटीवरची ती बुटकी टाकी कुणी काढलीय हो?"