बाबांनी आमचा ड्राफ्ट पिक आधीच सांगितला!

मंडळी, आत्ताच शेजारच्या माइककडून घरी आलोय. ओरडून ओरडून घसा बसलाय, म्हणून लिहितोय.

आज अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट होता. कॉलेजच्या खेळाडूंमधून प्रत्येक टीम आपले नवे गडी निवडते. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात त्या दिवशी सणच असतो! माझे बाबा सध्या सांगलीहून आलेत. त्यांनी शाळेत आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवली. इथे आल्यापासून मात्र घरी बसून आमच्या टीमच्या जुन्या मॅचेस बघतात. त्यांनाही माइककडे ड्राफ्ट बघायला सोबत नेलं.

तिथे जमलेल्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आपल्याला पळत जाऊन बॉल पकडणारा भारी रिसीव्हर हवा. माझंही तेच.

बाबा म्हणाले, "अरे, बॉल फेकणाराच दर वेळी आडवा होतोय. आधी त्याला वाचवणारा तगडा गडी घ्या की!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. माइक म्हणाला, "सर, धिस इज नॉट कबड्डी!"

बाबा पुन्हा टीव्हीकडे बघू लागले. उगाच सांगितलं, असं झालं मला.

थोड्याच वेळात आमच्या टीमचा नंबर आला. निवडला कोण? लाइनमन! म्हणजे बॉल फेकणाऱ्याला वाचवणारा धिप्पाड गडी!

माइकने उठून बाबांना मिठीच मारली. "सर, उद्या सेकंड राउंडला कोण?"

मी भाषांतर करायच्या आत बाबा स्वतःच गरजले, "डिफेन्स!"

तुम्हाला काय वाटतं, डिफेन्स की रिसीव्हर? मी अजून रिसीव्हरवरच अडून आहे, पण घरात ते बोलायची सोय उरलेली नाही.