चौथ्या रविवारी ट्रॅक्टर दुरुस्त झाला

चंदीगडच्या कॉलेजात मी अकरा वर्षं कार्बोरेटर शिकवला, तो फळ्यावर. रंगीत खडूंनी काढलेला माझा कार्बोरेटर पोरं मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायची, आणि मला वाटायचं, इंजिन म्हणजे काय ते कळावं तर आपल्यालाच. स्वतःच्या स्कूटरचा प्लग मात्र मी मेकॅनिककडून बदलून घ्यायचो. हात काळे होतात ना!

आम्ही चंदीगडला लागूनच, मनीमाजऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली मालक, बँकेत नोकरी करणारा, माझ्याच वयाचा सरदार. पंजाबात तेव्हा दहशतवादाचा जोर होता. मालकाचे म्हातारे आईवडील सरहद्दीकडच्या गावात शेतावर दोघंच राहायचे. रात्री बंदूकवाले येऊन जेवायला मागायचे आणि सकाळी पोलीस येऊन ‘का जेवायला घातलंत?’ म्हणून दरडावायचे. शेवटी मुलाने दोघांना इथे आणलं. वडिलांनी एकच हट्ट धरला, ट्रॅक्टर बरोबर पाहिजे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा जुना विलायती ट्रॅक्टर तो. ट्रकमधून आला आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहिला.

“हालात ठीक हुए कि इसी पर बैठ के वापस,” म्हातारे रोज सांगायचे. मुलाला नेमकी तीच धास्ती होती. ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आहे तोवर बापूजी गावाचा नाद सोडणार नाहीत आणि गेले तर हाती लागणार नाहीत, असं तो मला म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. पिंजौरचं एक गिऱ्हाईकही त्याने शोधलं होतं, चारा कापायचं यंत्र चालवायला ट्रॅक्टर हवा असलेलं. पण इंजिन रेस दिली की गुरगुरायचं, रेस सोडली की चार उचक्या देऊन बंद पडायचं. स्लोवर चालू राहिलं तरच नेतो, असं त्या माणसाने स्वच्छ सांगितलं होतं.

“प्रोफेसर साहब, आप तो यही पढ़ाते हैं,” मालक म्हणाला. झालं! मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरतं.

पहिल्या रविवारी मी कार्बोरेटर खोलला. एक स्प्रिंग टुणकन उडाली ती बीजींच्या पालकाच्या वाफ्यात. बीजी म्हणजे मालकाच्या आई. स्प्रिंग शोधण्यात दुपार गेली. म्हातारे खाटेवर बसून मला पाने देत होते. मी मागायच्या आत बरोबर तोच पाना हातात यायचा, आणि मी गाढव, मनात म्हणत होतो, बघा, बघून बघून शिकले! जेटचं बारीक भोक फुंकून साफ केलं, रेस सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा स्क्रू, म्हणजे स्लोचा पेच, पूर्ण आवळून दीड फेरा सोडला. इंजिन लागलं, आणि रेस सोडल्यावरही चालत राहिलं. म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाबाश!” मी तरंगतच जिना चढलो.

पुढच्या रविवारी पुन्हा उचक्या. पेच सरकलेला. मी लावला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मालक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला. माझी झोप उडाली. वर्गात कार्बोरेटर काढताना स्लोचा पेच मी घाईघाईने उरकायला लागलो. पोरांना कळलं तर काय अब्रू राहणार? बायको म्हणाली, “अहो, मेकॅनिक बोलवा की.” मी तिच्यावर खेकसलो. पुस्तकं धुंडाळली आणि निदान केलं, इंजिनाच्या हादऱ्याने पेच फिरतो. आता असा बसवतो की हलायची बिशाद नाही!

चौथ्या रविवारी पेच लावला आणि बायकोची नेलपॉलिशची अर्धी बाटली त्यावर ओतली. वाळल्यावर पक्कडीनेही हलेना. म्हातारे वाकून बघत राहिले. या वेळी शाबाश म्हणाले नाहीत. मला राग आला, खरं सांगतो. एवढं केलं तरी कौतुक नाही!

तीन दिवसांनी पिंजौरवाला आला. इंजिन पहिल्या हँडलला लागलं आणि स्लोवर असं शांत धडधडलं की मी गल्लीतल्या लोकांकडे वळून वळून बघत होतो. मालकाने माझे दोन्ही हात धरले. ट्रॅक्टर पिंजौरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकात उभा होतो, नवरदेवासारखा.

संध्याकाळी म्हातारे जिना चढून वर आले. खुर्चीवर न बसता दारातच उभे राहिले.

“वो पेच अपने आप नहीं घूमता था, प्रोफेसर साहब. मैं घुमाता था.”

मी म्हटलं, “मुझे बताया क्यों नहीं, बापूजी? मैं छोड़ देता.”

“कैसे बताता?” ते म्हणाले. “हर इतवार आप इतने ख़ुश होते थे.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. बायकोने चहा ठेवला, तो ते पूर्ण प्यायले, तिला आशीर्वाद दिला आणि कठडा धरून खाली उतरले. गावी परत जायचं त्यानंतर त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.