सिनेमासाठी तीन दिवस थांबलेला ऊस

सिनेमाच्या कामाबद्दल मी लिहावं, हे मला स्वतःलाच जरा धाडसाचं वाटतं. या क्षेत्रातली माझी नोकरी सगळी मिळून एकोणीस दिवसांची. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तोही अजून सेकंड इयरला. काही चुकीचं लिहिलं तर जाणकारांनी माफ करावं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

जानेवारीतली सकाळ. सातला पाच कमी. कुंडलच्या शिवारात तात्यांच्या उसाच्या बांधावर मी उभा होतो. मागे कॅमेरा लागत होता. समोर रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला आणि कोयते घेतलेली ऊसतोडीची टोळी खाली उतरली.

"कुठं निघालात?" मी मुकादमाला विचारलं. तो बीडकडचा.

"ह्याच फडात. आज हितली तोड हाये."

त्या फडात आमचा अर्धा सिनेमा उभा होता.

सिनेमा एस्टोनियाचा. युरोपातला हा छोटा देश. तिथे आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याएवढीही माणसं नाहीत. त्या भाषेतला सिनेमा बघणारेच थोडे, त्यामुळे नुसत्या तिकिटांवर सिनेमा होत नाही. सरकारी निधी लागतो आणि तो दिवस मोजून मिळतो. दिग्दर्शिका मारितबाई, वय पन्नाशीच्या पुढे. निर्मात्याही त्याच. सिनेमा तयार झाला की गावोगावी नेऊन दाखवणार त्याच, म्हणजे वितरकही त्याच. युनिट सात जणांचं. आवाज रेकॉर्ड करणारा माणूसच सगळ्यांचा स्वयंपाक करायचा.

मी 'लोकल कोऑर्डिनेटर' होतो. पुण्याच्या कदमसरांनी मला नेमलं होतं. ते लाइन प्रोड्यूसर, म्हणजे बाहेरून आलेल्या युनिटची इथली सगळी व्यवस्था बघणारे. परवानग्या आणायचं काम माझ्याकडे. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याचं पत्र, शेतमालकाची सही, सगळं फाइलला नीट लावलं होतं.

एक राहिलं होतं. ऊस शेतकऱ्याचा असला तरी तो कधी तुटणार हे कारखाना ठरवतो. लागणीच्या नोंदीप्रमाणे पाळी येते आणि पाळी आली की टोळी येते. हे आमच्या उंब्रजच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पुण्याच्या माणसांसमोर इंग्रजीत यादी करताना मला कारखाना आठवलाच नाही.

फडाचे मालक तात्या, रिटायर्ड सुभेदार. मी त्यांच्याकडे धावलो.

"तात्या, वीस तारखेपर्यंत ऊस राहील म्हणाला होतात तुम्ही!"

"म्हनलो हुतो. कारखाना मला इचारून टोळी धाडतोय व्हय?"

"आजची पाळी सोडली तर?"

"सोड की. मग म्हयनाभर बस वाट बघत. तुरा आलाय, दिसतोय न्हवं? उभ्या उभ्या वाळंल ऊस, वजन जाईल."

कदमसर पुढच्या लोकेशनसाठी वाईला होते. त्यांना फोन लावला.

"विकास, हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"सर, मलाही आत्ताच कळलं."

"मग दुसरा फड बघ."

दुसरा फड चालणार नव्हता. सिनेमात 'कंटिन्युइटी' म्हणून एक गोष्ट असते. एस्टोनियाहून मुलाला शोधत आलेली आई आणि तो मुलगा या फडात भेटतात. आईचं फडात शिरणं आम्ही घेतलं होतं. मागे विहीर, तीन नारळ, डोक्यावर उसाचे तुरे. भेट घ्यायची राहिली होती. आई एका शेतात शिरून दुसऱ्याच शेतात कशी निघेल? तीन दिवसांचं काम बाकी होतं आणि चौथ्या दिवशी युनिट वाईला जाणार होतं. पुन्हा येणं त्यांना शक्यच नव्हतं.

"मला यायला तीन तास लागतील. बाईंना तूच सांग," सर म्हणाले.

मारितबाईंना सांगताना माझं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गेलं. चूक माझी आहे, एवढं मात्र नीट सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "ऊस आज कापला नाही तर नुकसान कुणाचं?"

"तात्यांचं."

"मग त्यांना थांबा म्हणता येणार नाही." टोळीकडे बघत म्हणाल्या, "टोळीला आज काम पाहिजे. ते याच शेतात पाहिजे का?"

हा प्रश्न खरं तर मला सुचायला हवा होता.

तात्यांच्या फडामागे शालनकाकूंचा पाऊण एकर ऊस होता. कारखाना तोच, आणि तात्यांच्या नंतरची पाळी त्यांचीच. काकू बांधावरच कमरेवर हात ठेवून गंमत बघत होत्या.

"काकू, तुमचा ऊस आधी तोडला तर चालेल?"

"आरं, दरसाल माझा ऊस ह्यांच्या मागनं जातुया. यंदा म्होरं जातूय तर मी न्हाई म्हनू व्हय? पर न्हेनार कुठनं? वाट हाय का मला?"

अडचण तीच होती. काकूंच्या शेताला रस्ता नव्हता. तात्यांचा ऊस तुटला की त्या मोकळ्या रानातून ट्रॉली आत जायची. तात्यांचा ऊस उभा, म्हणजे काकूंचा अडकलेला.

तात्यांनी कारखान्याच्या गट ऑफिसला फोन लावला आणि परेडवरच्या आवाजात अदलाबदल मंजूर करून घेतली. काकूंचं झालं की चौथ्या दिवशी हीच टोळी तात्यांच्या फडात शिरणार, हेही वदवून घेतलं. पण मुकादम अडला.

"ट्रॉली रस्त्यावर अन् ऊस तिकडं! दीडशे पावलं मोळ्या डोक्यावर आणायच्या? आमच्या बाया पहाटंपासून राबत्यात. नाई जमायचं."

त्याचं खोटं नव्हतं. मी मारितबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. त्यांना शूटिंगला कोवळं ऊन लागायचं, सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतरचं. मधल्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात.

"नऊ ते चार आम्ही रिकामेच असतो," त्या म्हणाल्या. "मोळ्या आम्ही वाहू. त्यांनी फक्त तोडावं. आणि सकाळचे दोन तास लांबच्या टोकाला तोडावं, आवाज येणार नाही."

मला वाटलं त्या रागाने बोलल्या. पण नवाच्या ठोक्याला त्यांनी कॅमेरा पेटीत ठेवला आणि बाह्या वर केल्या.

काकूंनी जुनं लुगडं फाडून सात चुंबळी वळल्या आणि एकेकाच्या डोक्यावर स्वतः बसवल्या. पहिली मोळी मारितबाईंची. दहा पावलांवर पडली. दुसरी बांधाच्या वळणावर.

"मान ताठ धर, बाई! नवरीवानी खाली काय बघतीस!" काकू ओरडल्या. मी भाषांतर केलं. तिसरी मोळी ट्रॉलीपर्यंत पोचली. टोळीतल्या बायकांनी कोयते खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"ह्यांच्याकडं ऊस न्हाई व्हय रं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, बर्फ पडतो तिकडे."

"मग साखर कशाची खात्यात?"

"बिटाची."

"आगं बया! म्हनूनच गाल लाल हायत."

दुपारपर्यंत गावातली पंधरावीस पोरं आली. तात्याही चुंबळ घेऊन आले. कदमसर पोचले तेव्हा युनिटचा कॅमेरामन डोक्यावर ऊस घेऊन बांधावरून चालला होता.

"विकास, हे काय चाललंय?"

उत्तर तात्यांनी दिलं. "सायेब, बूट काढा आन् लाइनीत या."

सरांनी खरंच बूट काढले.

दुसऱ्या दिवशी टोळीतली माणसंही न सांगता मोळ्या वाहू लागली. "पाव्हण्यांच्या डोक्यावर मोळी अन् आमी बघत बसायचं, बरं दिसतं का?" मुकादम म्हणाला. तिसऱ्या संध्याकाळी, सूर्य टेकायच्या आत, आई आणि मुलगा त्या फडात भेटले. मारितबाईंची मान इतकी आखडली होती की शॉट बरोबर आला हे सांगायला त्यांना अख्खं वळावं लागलं. चौथ्या दिवशी सकाळी टोळी तात्यांच्या फडात शिरली, तेव्हा आमचं सामान वाईच्या रस्त्याला लागलं होतं.

यातून मी शिकलो ते एवढंच: मालकाच्या सहीने काम होत नाही, मालकाच्या हातात काय नाही हेही विचारावं लागतं. आणि चूक सांगायची असेल तर सातलाच सांगावी, नऊला सांगून उपयोग नसतो.

पुढे कित्येक महिने सिनेमाची खबर नव्हती. सरांना विचारलं की ते म्हणायचे, "सिनेमा म्हणजे गिरणीतलं दळण नाही रे." भेटीचा सीन नीट जमला की कापून टाकला, हेही कळेना. मी विचारायचंही सोडलं. गेल्या आठवड्यात मारितबाईंचा मेसेज आला. मी तो तात्यांना आणि काकूंना वाचून दाखवला. तो असा:

"फडातला सीन पूर्ण ठेवला आहे. काल आमच्या एका बेटावर पहिला खेळ केला. तिकिटं मी दिली, प्रोजेक्टरही मीच लावला. बेटावर सदतीस माणसं राहतात. चौतीस आली. तिघं आजारी होती. आज लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जाते आहे."