आजोबांच्या काठीवरचा लाल दोरा

तुमच्या आजोबांच्या गळाच्या काठीवर त्यांनी स्वतः गुंडाळलेला लाल दोरा सुटू नये, म्हणून मी त्यावर दोन बाटल्यांतले द्रव मिसळून लावायचं, वाळल्यावर काचेसारखं कडक होणारं इपॉक्सी लावलं. अंदाजाने मिसळल्यामुळे ते आठवडाभर चिकटच राहिलं.

शेवटी मुरबाडला काठ्या बनवणाऱ्या एका माणसाकडे गेले. त्याने बोट लावून पाहिलं.

"आजी, भाजीत मीठ टाकतात तसं टाकलं काय? दोन्ही बाटल्यांतलं सारखंच घ्याया लागतं."

"दोरा ह्यांनी गुंडाळलाय. कापावा लागेल?"

"नाय ओ! त्याला कशाला हात लावू?"

त्याने दोन सिरिंजांनी सारखं मापलं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश ढवळलं आणि चिकट थरावरच नवा थर दिला. मग ओघळ येऊ नये म्हणून काठी फिरवत राहिला. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी बोट लावलं. कोरडं! आत आजोबांचा दोरा तसाच होता, त्यांच्या एका तिरक्या वेढ्यासकट.