आईचा शनिवार

शनिवारी सकाळी आमच्या घरात शेंगदाणे भाजल्याचा वास सुटायचा. मग पितळी पातेल्यात साबुदाण्याची खिचडी, वर तुपाची धार, कडेला दही. उपास एकट्या आईचा, खिचडी मात्र सगळ्यांची. आम्ही ती पोटभर खाऊन दुपारी पुन्हा जेवायला बसत असू. अजूनही शनिवारी देवळाली प्रवराच्या पेठेतून जाताना कुणाच्या तरी खिडकीतून तो वास येतो आणि माझे पाय विनाकारण रेंगाळतात.

आमचा भाग उसाचा. चहात साखर कमी पडली तर आपलं काय चुकलं, असं इथल्या पाहुण्याला वाटतं. त्यामुळे आईला मधुमेह निघाला तेव्हा गल्लीत कुणालाच धक्का बसला नाही. खरी अडचण डोळ्यांनी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तोवर तव्यावरची भाकरी आईला दिसेनाशी झाली होती. बोटं भाजायची, भाकरी करपायची. शेवटी माझ्या बायकोने तवा आपल्याकडे घेतला. चुलीपासून उठून ओसरीवर बसलेली आई मला बघवत नव्हती.

वजन आणि साखर दोन्ही उतरवायची म्हणून डॉक्टरांनी कमी खायला सांगितलं. आईने ते मनावर घेतलं आणि उपास वाढवले. शनिवार होताच, त्याला सोमवार जोडला, मग गुरुवार, मग चतुर्थी. खिचडी, उकडलेली रताळी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. महिन्याने तपासणी केली तर साखर चढलेली.

"असं कसं हुईल?" आई डॉक्टरांना म्हणाली. "निम्मा आठवडा तर मी उपाशी हाय."

डॉक्टरांनी उपासाला काय काय खाता ते विचारलं, आणि ऐकता ऐकता चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, यापेक्षा तुम्ही रोज जेवा. अर्धी भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, ताक. साबुदाणा बंद. आणि गोळी घेऊन उपाशीही राहायचं नाही, चक्कर येईल."

याच सुमारास गावात मधुमेहमुक्तीचं शिबिर झालं. फ्लेक्सवर पाहुण्यांचे चेहरे रुग्णांपेक्षा मोठे होते. शाली झाल्या, नारळ झाले, आहारावर लांबलचक भाषण झालं, आणि आभार मानून झाल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. आईने तिचा पेढा पदरात बांधून मला आणून दिला. त्या शिबिरात नियम पाळलेली बहुधा ती एकटीच.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी तिने सोडले. शनिवार सोडेना. मी तिला समजावलं, चिडलो, शनीचा आणि साबुदाण्याचा संबंध विचारला. देवांची टिंगल हा माझा जुना छंद. नेहमी ती हसण्यावारी न्यायची. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. म्हणाली, "त्यो माझ्यासाठी न्हाई. तुझ्यासाठी धरलाय."

मी तान्हा असताना इतका आजारी पडलो होतो की दूध पोटात ठरत नव्हतं, मान टाकली होती. तेव्हा ती मला घेऊन शिंगणापूरला गेली आणि पोरगं वाचलं तर जन्मभर शनिवार करीन, असं बोलून आली. इतकी वर्षं मी तिच्या नवसाची खिचडी चापून खात होतो आणि वर त्या नवसाला हसत होतो.

"सोडला आन् तुला काई झालं तर?" ती म्हणाली. "माज्या डोळ्यांचं काय, म्हातारपनी किती बघायचंय."

वाद घालून तिची भीती जाणार नव्हती आणि मोतीबिंदू थांबणार नव्हता. मी म्हणालो, "मी धरतो शनिवार. तू सोड."

बायको आतून म्हणाली, "तुमच्या पोटाकडे बघता हे आधीच सुचायला हवं होतं."

आईला ते पटायला दोन दिवस लागले. मग देवासमोर सांगावं लागेल म्हणाली. पुढच्या शनिवारी आम्ही शिंगणापूरला गेलो. तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांच्या गराड्यातून वाट काढत, रांगेत घाम पुसत मी उभा, आणि आई माझा दंड धरून शेजारी. समोर आल्यावर तिने हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात सांगितलं, "आता हितून पुढं ह्यो धरनार. नीट धरतो का न्हाई, ते तूच बघ. माजा इस्वास न्हाई."

साखर हळूहळू उतरली. चहा बिनसाखरेचा झाला, भाकरी अर्धी झाली, आई थोडी वाळली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर थोडे दिवस गेले आणि तिने तवा परत मागितला.

तो दिवस शनिवारच होता. तिने बाजरीची भाकरी थापली, फुगवली, उलटून नीट न्याहाळली. मेथीची भाजी घेऊन ताटावर बसली. शनिवारी स्वतःच्या हातची भाकरी समोर घेऊन बसलेली आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी समोर ताकाचा पेला घेऊन बसलो होतो आणि पोटात कावळे ओरडत होते. तिने घास मोडला, पण तो हातातच राहिला. नव्या डोळ्याने ती माझ्या तोंडाकडे बघत होती, कपाळाकडे, डोळ्यांकडे, गळ्याकडे, जणू मी पुन्हा तान्हा होतो.

"बरा हायेस ना?"

"भूक लागलीय," मी म्हणालो.

"मग बरा हायेस," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.